मधमाश्यांवरचे माहितीपट आणि पोळ्यांची राखण करणारी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधमाश्यांवरचे माहितीपट मी बरीच वर्षं बघतोय, इतरांना दाखवतोय. दिवे लागले की प्रश्न जवळपास तेच येतात. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात, काहींवर तासभर वाद होतो. इथेही तसंच झालं आहे.

सुरुवात कुठल्या माहितीपटापासून करू?

'हनीलँड'पासून. हा २०१९ सालचा, उत्तर मॅसिडोनियातला माहितीपट. दिग्दर्शक तमारा कोतेव्हस्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव. ओस पडलेलं डोंगरी गाव, वीज नाही, धड रस्ता नाही. तिथे पन्नाशीतली हातिजे मुरातोवा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईला सांभाळत राहते. तिच्या माश्या कड्याच्या कपारीत आणि पडक्या भिंतींच्या पोकळीत आहेत. मध काढताना तिचा एकच नियम : अर्धा माझा, अर्धा तुमचा.

त्या वर्षी सनडान्स महोत्सवात त्याला तीन पुरस्कार मिळाले. पुढच्या वर्षी ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट माहितीपट आणि सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन्ही विभागांत नामांकन झालं. एकाच चित्रपटाला ही दोन नामांकनं त्याआधी कधीच मिळाली नव्हती. पण मी तो सुचवतो त्याचं कारण वेगळं आहे. त्यात कुणी निवेदक नाही आणि पडद्यावर आकडे येत नाहीत. माशी आणि माणूस यांच्यातला व्यवहार तेवढा दिसतो.

'हनीलँड' खरा आहे की रचलेला? इतकी नीटस गोष्ट आपोआप कशी घडेल?

चित्रण तीन वर्षं चाललं आणि ४०० तासांहून जास्त फिल्म जमली, हे उत्तराचं मूळ आहे. दिग्दर्शक मुळात गेले होते त्या भागातल्या निसर्गसंवर्धनावर छोटी फिल्म करायला. हातिजे तिथे भेटली. ती बोलते ती जुन्या वळणाची तुर्की बोली, आणि दिग्दर्शकांना ती येत नव्हती. त्यामुळे संकलनही आधी चित्रं बघून झालं आणि संवादांचा अर्थ मागाहून लागला. गोष्ट डोळ्यांना कळेल अशी झाली ती यामुळे.

मध्येच शेजारी एक भटकं कुटुंब येऊन उतरतं. गुरं, गाडी आणि सात मुलं. बाप हुसेन मधपेट्या आणतो, व्यापारी त्याच्यामागे तगादा लावतो, आणि तो पेट्यांतला मध खरवडून काढतो. मग त्याच्या उपाशी माश्या हातिजेच्या पोळ्यांवर तुटून पडतात. ही काही पटकथाकाराची करामत नाही. घरात साठा उरला नाही आणि बाहेर फुलं नसली की मधमाश्या शेजारचं पोळं लुटतात, हे प्रत्येक मधपाळाला माहीत असतं. 'अर्धा तुमचा' हा भाबडा दानधर्म नसून शेजाऱ्यांची पोळी वाचवणारा हिशेब आहे.

हुसेनला खलनायक ठरवून मोकळं होणारे प्रेक्षक बरेच भेटतात. माझं मत तसं नाही. सात तोंडं खायला असताना अर्धा मध सोडून देणं म्हणजे काय, हे आधी विचारात घ्यायला हवं. त्या घरातल्या एका मुलाला हातिजेचं म्हणणं पटतं आणि तो बापाशी भांडतो. माझ्या लेखी सबंध फिल्ममधला सगळ्यात अवघड प्रसंग तोच.

मधमाश्या जगातून नष्ट होत चालल्या आहेत, हे खरं का?

कुठल्या माश्या, हे आधी ठरवू या.

इंग्रजीतल्या एका 'बी' शब्दात २०,००० हून जास्त प्रजाती बसतात. त्यातल्या मध साठवणाऱ्या खऱ्या मधमाश्या बोटांवर मोजण्याइतक्या. मराठीत आपण निदान आग्या, सातेरी, फुलोरी असे भेद करतो, आणि पेटीतल्या युरोपियन मेलिफेराला परकी म्हणून वेगळं ओळखतो. माहितीपटांत मात्र 'माश्या मरताहेत' म्हटल्यावर बहुतेक वेळा समोर असते ती एकटी मेलिफेरा. जगभरातल्या पाळीव पेट्यांची संख्या गेल्या काही दशकांत घटलेली नाही, वाढली आहे. हिवाळ्यात वसाहती मोठ्या प्रमाणावर मरतात हे खरं. मधपाळ उरलेल्या वसाहती विभागून संख्या पुन्हा भरून काढतात. त्यात त्यांचं कंबरडं मोडतं, पण प्रजाती संपत नाही.

खरा धोका आहे तो एकट्या राहणाऱ्या, जमिनीत किंवा पोकळ काडीत घर करणाऱ्या रानमाश्यांना. त्यांच्या पेट्या कुणी मोजत नाही, कारण त्यांना पेट्याच नसतात. त्यांचा कुणी मालक नाही, त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, आणि मध देत नसल्यामुळे त्या कॅमेऱ्याला फारशा आकर्षकही वाटत नाहीत. कोणताही माहितीपट लावताना मनात हा एक प्रश्न तयार ठेवा : हे लोक नेमक्या कुठल्या माशीबद्दल बोलताहेत?

मग २००६-०७ साली एवढा गाजावाजा कशाचा झाला होता?

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये डेव्ह हॅकनबर्ग या अमेरिकी मधपाळाने फ्लोरिडातल्या आपल्या पेट्या उघडल्या. आत राणी होती, अळ्या होत्या, मधही होता. कामकरी माश्या तेवढ्या नव्हत्या, आणि खाली मेलेल्या माश्यांचा खचही नव्हता. हा प्रकार मग अनेक राज्यांतून कळू लागला आणि 'कॉलनी कोलॅप्स डिसऑर्डर' (सीसीडी) हे नाव रूढ झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत माहितीपटांची एक लाटच आली. २००९ च्या 'व्हॅनिशिंग ऑफ द बीज'मध्ये हॅकनबर्ग स्वतः दिसतात.

त्या लाटेतल्या फिल्म मी आता पुन्हा बघतो तेव्हा त्यांची घाई जाणवते. रहस्यकथेला गुन्हेगार एकच लागतो. संशोधकांना मात्र एकच गुन्हेगार सापडला नाही : व्हरोआ नावाचा परजीवी कोळी, त्याने पसरवलेले विषाणू, कीटकनाशकं, एकाच पिकावर पोसल्यामुळे होणारं कुपोषण आणि ट्रकमधून होणारी सततची ने-आण, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं निघालं. व्हरोआ मूळचा आशियातल्या सातेरीवरचा. सातेरी त्याच्यासोबत जगायला शिकली होती. मेलिफेराला ती सवय नव्हती.

मोबाइलच्या लहरींमुळे माश्या घर विसरतात म्हणे?

जर्मनीत घरगुती बिनतारी फोनच्या यंत्रांवर झालेल्या एका छोट्या प्राथमिक प्रयोगाची बातमी २००७ साली मोबाइलच्या नावाने छापून आली. प्रयोग मोबाइलवर झालेला नव्हता, सीसीडीवरही नाही. बातमी मात्र अजून फिरते आहे.

आणि आइन्स्टाइनचं ते वाक्य? माशी गेली की माणसाकडे चार वर्षं उरतात...

आइन्स्टाइनने असं काही म्हटल्याचा पुरावा नाही. हे वाक्य त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी पसरलं. गहू, तांदूळ, मका यांना माशी लागतच नाही, त्यांचं परागीभवन वाऱ्यावर किंवा आपल्या आपण होतं. मानवी आहारातल्या सुमारे तीन चतुर्थांश पीकप्रकारांना परागीभवनासाठी थोडीफार तरी कीटकांची, प्राण्यांची मदत होते, पण उत्पादनाच्या वजनात मोजलं तर अशा पिकांचा वाटा साधारण एक तृतीयांश भरतो. म्हणजे माश्या गेल्या तर उपासमारीआधी ताटातली फळं, भाज्या आणि तेलबिया आटतील. हे पुरेसं वाईट आहे, त्याला आइन्स्टाइनची सही लागत नाही. माहितीपट या वाक्याने सुरू झाला की मी जरा सावध होऊन बसतो.

'मोअर दॅन हनी' आणि 'द पॉलिनेटर्स' यांत फरक काय? दोन्हींत ट्रकच ट्रक दिसतात.

ट्रक एकच आहेत म्हणा ना. जगातले सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात. तिथली झाडं फेब्रुवारीत फुलतात, आणि त्या काही आठवड्यांसाठी अमेरिकाभरच्या पेट्या ट्रकवर चढवून तिकडे नेतात. ने-आण रात्री होते, कारण अंधार पडल्यावर सगळ्या माश्या घरी असतात.

पीटर नेल्सन यांचा 'द पॉलिनेटर्स' (२०१९) हा मधपाळाने केलेला माहितीपट आहे, आणि ते लगेच कळतं. त्यात झोप न झालेल्या माणसांचे चेहरे आहेत. फवारणी कुणी आणि कधी केली, याचे फोन आहेत.

स्विस दिग्दर्शक मार्कुस इमहोफ यांच्या 'मोअर दॅन हनी'चा (२०१२) आवाका मोठा. इमहोफ यांच्या आजोबांचा फळं टिकवण्याचा कारखाना होता आणि त्यासाठी माश्या पाळलेल्या होत्या. माहितीपटाचा धागा तिथून निघतो. आल्प्समधला एक म्हातारा मधपाळ आपल्या खोऱ्यातल्या काळ्या माशीचं कूळ शुद्ध राखायला झटतो. दुसरीकडे कॅलिफोर्नियातला मधपाळ हजारो पेट्यांचा धंदा चालवतो. तिसरीकडे ॲरिझोनात एक जण ज्यांना सगळे 'किलर बी' म्हणून घाबरतात त्या आफ्रिकी वंशाच्या तापट माश्या हौसेने पाळतो, आणि रोगराईत त्याच जास्त तग धरतात. इमहोफ कुणावरही बोट ठेवत नाहीत. बदामवाला मधपाळ माश्यांवर प्रेम करतो हे दिसतं आणि त्याच्या धंद्यात त्या भरडल्या जातात हेही दिसतं. मेलेल्या वसाहती बघताना त्याचा चेहरा पाहा. राखणदार कोण आणि वापरून घेणारा कोण, अशी रेघ तिथे ओढता येत नाही.

चीनमध्ये माणसं हाताने परागीभवन करतात, तो प्रसंग खरा आहे का?

खरा आहे. नैऋत्य चीनमधल्या काही फळबागांत माणसं झाडावर चढून फुलाफुलाला पराग लावतात. पण हा 'माश्या संपलेल्या उद्याच्या जगाचा' नमुना म्हणून दाखवतात तेव्हा अर्धी गोष्ट गळते. तिथे कीटकनाशकांचा मारा इतका होता की मधपाळ पेट्या द्यायला तयार नसत. शिवाय नासपतीच्या निवडलेल्या वाणाला दुसऱ्या वाणाचा पराग लागतो, आणि मजुरी स्वस्त असेपर्यंत हाताचं काम परवडत होतं. मजुरी वाढली तसं ते जड जाऊ लागलं.

पोळ्याच्या आत चित्रण कसं करतात?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबेल.

पोळ्यात काळोख असतो आणि माश्यांचा सगळा संसार त्या काळोखातच चालतो. कामकरी माशी फुलांची दिशा आणि अंतर जे नाच करून सांगते, तो नाचही उभ्या पोळ्यावर, अंधारात. बाकीच्या माश्या तो बघत नाहीत, स्पर्शाने आणि कंपनांनी वाचतात. या नाचाचा अर्थ उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. तर अशा ठिकाणी दिवा लावायचा कसा? माशीला लाल रंग दिसत नाही. तिची दृष्टी हिरवा, निळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील अशी आहे. म्हणून संशोधक आणि चित्रणकर्ते काचेच्या भिंतीची पेटी वापरतात आणि लाल प्रकाशात काम करतात. आपल्याला पडद्यावर सोनेरी उजेडात न्हालेलं पोळं दिसतं तेव्हा समजायचं, एक तर तिथे खरा दिवा लावलाय आणि माश्यांना त्याची सवय करून दिली आहे, किंवा रंग नंतर चढवलाय.

दुसरी अडचण वेगाची. मधमाशी सेकंदाला साधारण २३० वेळा पंख हलवते. साध्या कॅमेऱ्यात तो नुसता धुरकट पट्टा दिसतो. सेकंदाला शेकडो चौकटी टिपणारा कॅमेरा लावला की पंख दिसू लागतात, पण तेवढ्या कमी वेळात चित्र उमटायला प्रकाश भरपूर लागतो, आणि भरपूर प्रकाशात माश्या तापतात. तिसरी अडचण जवळ जाण्याची. इतक्या जवळून भिंग एकच पातळ थर स्पष्ट दाखवतं. माशीचा डोळा साधला तर पाय धूसर. ती अर्धा सेंटिमीटर सरकली की सगळं हातचं जातं.

'मोअर दॅन हनी'मध्ये राणीमाशीचं उडता उडता होणारं मीलन दिसतं. राणी हवेत दहा-वीस नरांशी संग करते, प्रत्येक नर तिथेच मरतो, आणि त्या बळावर राणी पुढची काही वर्षं अंडी घालते. हे सगळं उंचावर, काही क्षणांत. ते दृश्य दोनदा बघा, दुसऱ्यांदा कॅमेरा कुठे असेल याचा विचार करत.

आवाजाचं मात्र गुपित फोडतो. फुलावरून माशी उडाल्याचा, पाय पुसल्याचा जो बारीक आवाज ऐकू येतो, तो बहुतेकदा नंतर बसवलेला असतो.

मध न देणाऱ्या रानमाश्यांवर काही आहे का?

आहे, आणि ते जास्त बघितलं जायला हवं. मार्टिन डोर्न हे निसर्ग-चित्रणातले जुने जाणकार. २०२० च्या टाळेबंदीत ते ब्रिस्टलमधल्या आपल्या छोट्याशा बागेत अडकले, आणि घरीच जुळवलेल्या भिंगांनी तिथल्या माश्या टिपत बसले. ६० हून जास्त प्रजाती सापडल्या. 'माय गार्डन ऑफ अ थाउजंड बीज' हा त्याचा परिणाम. पानं गोल कापून नेणारी माशी, गोगलगाईच्या रिकाम्या शंखात घर करणारी माशी, एकेकीचे स्वभाव. संकटाचं पार्श्वसंगीत न वाजवता हा माणूस नुसतं बघायला शिकवतो.

दुसरा छोटा माहितीपट 'अ घोस्ट इन द मेकिंग'. त्यात छायाचित्रकार क्ले बोल्ट पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका असलेली बंबलबी शोधत अमेरिकाभर फिरतात. एके काळी ही माशी सर्रास दिसायची. २०१७ साली तिची अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत नोंद झाली. मुख्य भूमीवरच्या माशीची ही पहिलीच नोंद. बोल्ट यांचं नाव पुन्हा येतं ते २०१९ मध्ये. इंडोनेशियात जवळपास चार सेंटिमीटर लांबीची वॉलेसची महाकाय माशी पुन्हा सापडली, आणि तिची जिवंतपणीची पहिली छायाचित्रं त्यांनी काढली. त्याआधी ती १९८१ साली दिसली होती.

कड्यावर लोंबकळून मध काढणाऱ्यांना 'राखणदार' म्हणायचं का?

'द लास्ट हनी हंटर' (२०१७) बघून वाद झाला नाही असं मला आठवत नाही. नेपाळमधल्या कुलुंग समाजाचा मौली धन दोरशिडीवरून हिमालयी मधमाशीची पोळी उतरवतो. ही मध साठवणाऱ्यांतली सगळ्यात मोठी माशी. वसंतात ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांमुळे तिच्या मधात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष उतरतं. थोडं खाल्लं तर नशा, जास्त खाल्लं तर नाडी मंदावते. त्या नशेच्या मधाला बाहेर मोठी मागणी आली आहे.

मौली पोळं कापतो हे खरं. पण कड्यावर कधी जायचं, कुणी जायचं, याला त्याच्या समाजात स्वप्नांची आणि विधींची अट आहे, आणि अशा अटींमुळे कड्याला उसंत मिळते. भाव चढला की धोका येतो तो अटी सुटण्याचा. हातिजेच्या शेजारी व्यापारी आला होता, तीच ही गोष्ट उंच कड्यावर.

माहितीपटांमुळे कायदे बदलले का?

एकट्या माहितीपटांनी नाही. फ्रान्समधल्या मधपाळांनी १९९० च्या दशकातच सूर्यफुलाच्या बियाण्याला लावलेल्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाविरुद्ध आवाज उठवला होता आणि १९९९ मध्ये तिथे तो वापर थांबवण्यात आला. त्यावरून कंपन्या, शेतकरी आणि शास्त्रज्ञांत आग्या मोहोळ उठलं ते उठलंच. युरोपीय संघाने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिड ज्या गटात येतं त्या निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांवर निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापर बंद केला. निर्णयांमागे सरकारी शास्त्रीय संस्थांचे अहवाल होते. फिल्मनी एवढं केलं की त्या अहवालांची नावं सामान्य माणसाच्या तोंडी आली.

जागतिक मधमाशी दिन २० मेलाच का?

स्लोव्हेनियातला अठराव्या शतकातला मधपाळ आंतोन यान्शा याच्या जन्माशी ही तारीख जोडलेली आहे. ठराव संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये केला, पहिला दिन २०१८ मध्ये झाला.

लहान मुलांना कुठला दाखवू?

डोर्न यांच्या बागेचा. 'हनीलँड' दहा-बारा वर्षांच्या पुढे. त्यात आईचा मृत्यू आहे आणि गुरांचे हाल आहेत.

बघून झाल्यावर वाटतं, आपणही एक मधपेटी ठेवावी. ठेवू का?

मध हवा असेल, शिकायची तयारी असेल, तर जरूर ठेवा. 'माश्या वाचवायला' म्हणून ठेवणार असाल तर थांबा. पक्षी वाचवायचे म्हणून कुणी कोंबड्या पाळत नाही. एका पेटीत हंगामात हजारो माश्या असतात, आणि फुलं कमी असतील तिथे त्या रानमाश्यांच्या तोंडचा घास काढतात. रानमाश्यांसाठी वर्षभर पाळीपाळीने फुलणारी स्थानिक झाडंझुडपं लावा, फवारणी टाळा, आणि कोपऱ्यातली थोडी माती उघडी सोडा. बहुसंख्य माश्या जमिनीत घर करतात. फरशी घातली की त्यांचं दार बंद.

मला स्वतःला असा माहितीपट करायचा आहे. काय लक्षात ठेवू?

कॅमेऱ्याआधी जाळीची टोपी घ्या आणि एक हंगाम नुसतं मधपाळाच्या मागे हिंडा. उन्हाळी कामकरी माशी सहा आठवडे जगते, पण वसाहतीची गोष्ट पूर्ण व्हायला वर्ष लागतं. फुलोऱ्याच्या दोन आठवड्यांत चित्रण उरकणाऱ्याला फक्त सुबत्ता दिसते. पेटीतली पोळ्याची चौकट बाहेर काढून 'आणखी एकदा' म्हणत राहू नका. अळ्यांना सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, आणि तुमच्या प्रत्येक रीटेकची किंमत त्या मोजतात. रानातल्या पोळ्याची जागा ओळखू येईल असं काही चित्रात येऊ देऊ नका. मधपाळाचा चेहरा सगळेच घेतात. तुम्ही हात घ्या, त्याला माश्यांची भाषा किती येते ते हातांच्या वेगावरून कळतं.

कपडे फिक्या रंगाचे घाला, अत्तर लावू नका. आणि पेटीजवळ जाण्याआधी केळं खाऊ नका. माशी डंख मारताना धोक्याचा जो गंध सोडते, त्यातला मुख्य पदार्थ पिकल्या केळ्याच्या वासातही असतो. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.